जादा तुकडे

इंटरनेटवरच्या ताईंच्या प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ ठरलेली असे: 'बांधणारा माझा भाऊ, बडबडणारी मी.' त्यात रतीभरही खोटं नव्हतं. किल्ले, ड्रॅगन, जादूगारांचे मनोरे, राक्षसांच्या गुहा, असले ठोकळ्यांचे संच बाजारात आले की धाकटा भाऊ ते बांधायचा आणि ताई समोर बसून लिहायच्या. ठोकळ्यांना त्या बोटसुद्धा लावत नसत. 'तुझा हात लागला की किल्ला पडतो,' असं तो लहानपणापासून म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

भाऊ घड्याळजी. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याने लोकांची घड्याळं दुरुस्त केली. वाचकही त्याला घड्याळजी म्हणूनच ओळखायचे. ताईंची नोकरी छापखान्यात, मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर गप्प बसणं काही जमेना. भावाला ठोकळ्यांचा नाद होताच, त्याला यांची जीभ मिळाली. साठीच्या बाईने खेळण्यांवर काय लिहायचं, म्हणून हसणारे हसले. "तुम्ही बावीस जण एका चेंडूमागे पळताना बघता ना, तसंच समजा," असं ताई त्यांना सांगत. पण हौशी मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन होतं. एकेकाकडे एकाच संचाची दोन खोकी असत, एक बांधायला आणि एक न उघडता कपाटात जपून ठेवायला. ती घ्यायची की नाहीत, हे ताईंनी पाचपैकी किती तारे दिले त्यावर ठरायचं.

तो घड्याळजी जाऊन आता तीन महिने झाले होते. सकाळी दात घासता घासता पडला. डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि तो शुद्धीवर आलाच नाही. चोपन्न हे काय जायचं वय झालं? ताईंनी त्यानंतर एक अक्षर लिहिलं नव्हतं. वाचकांचे निरोप येऊन पडत होते, त्या ते उघडतही नव्हत्या.

एका रविवारी सकाळी भावजय टॅक्सीने आली. मांडीवर चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं तर आत काळ्या ड्रॅगनचा किल्ला, अर्धवट. एकवीस पिशव्यांचा संच, त्यातल्या अकरा पिशव्या घड्याळजीने बांधल्या होत्या. सोबत उरलेल्या पिशव्या, चित्रांची जाडजूड पुस्तिका आणि पत्र्याचे काही गोल डबे होते.

"घरात ठेववत नाही हो, ताई. जाता-येता नजर तिथेच जाते. तुम्ही पुरा करा."

"मी? अगं, मला दोन ठोकळे धड जोडता येत नाहीत."

"मग असाच राहू दे. पण तुमच्याकडे."

ताईंनी चहा केला. भावजय कप हातात धरून नुसतीच बसली. मग एकदम म्हणाली, "एक विचारू? माझ्याबद्दल ते तुमच्याकडे काही बोलले होते का? माझं काही चुकलं होतं का?"

"असं का विचारतेस?"

"शेवटचं वर्षभर ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. जेवताना मी शेजारीच बसायचे, नेहमीच्या जागेवर. पण मान काही वळायची नाही. हाक मारली तर दचकायचे, जसं काही मी तिथे आहे हेच विसरले होते. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, नाही ना बघायचं, नका बघू. शेवटचा महिना तर जेवताना मी तोंडच उघडलं नाही."

ताईंनी तिची समजूत घातली, अशा वेळी घालतात तशी. संसारात असं व्हायचंच, पंचवीस वर्षांनी कोण कुणाकडे टक लावून बघत बसतं, वगैरे. भावजय कसंनुसं हसली आणि चहा तसाच ठेवून गेली.

दोन दिवस ताई किल्ल्याभोवती नुसत्या घुटमळल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बारावी पिशवी फोडली. पडला तर पडला, आता ओरडायला कोण बसलंय, असं म्हणाल्या आणि एकट्याच रडून घेतलं. मग डोळे पुसून पुस्तिका उघडली. प्रत्येक पायरीला कोणते तुकडे लागतात, ते पानाच्या डाव्या कोपऱ्यात चौकट करून दाखवलेलं होतं. ताई चौकट बघायच्या, तुकडे वेचायच्या, पुन्हा पुन्हा मोजायच्या. छापखान्याची सवय. दुपारपर्यंत त्यांचा झुलता पूल तयार झाला आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पण पूल काही किल्ल्यावर बसेना. उजवीकडे अडकला, डावीकडे लोंबत राहिला. ताईंनी दाबून पाहिलं, उलटा करून पाहिला. मग जुन्या सवयीने वही ओढली आणि टिपून ठेवलं: 'पुन्हा तेच. डावी बाजू बसत नाही. रचनेतच दोष.'

स्वतःच्या अक्षरातला तो 'पुन्हा' त्यांनी वाचला आणि त्या थबकल्या.

त्यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून धरली. एक पायरी वाचायची, किल्ल्यावर ती शोधायची, पुढे जायचं. उजवा बुरूज चोख होता, बोट ठेवायला जागा नाही. डाव्या बुरुजाला दोन खिडक्या हव्यात, एकच होती. डाव्या तटाचा एक थर गाळलेला. पूल अडकवायची डावी खुंटी लावलेलीच नव्हती. हे काम घड्याळजीचं? केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवणाऱ्या माणसाचं? ताई पानं उलटत गेल्या. पहिल्या दोन पिशव्यांत चुका तुरळक होत्या. अकराव्या पिशवीपर्यंत येता येता डावी बाजू नुसती भगदाडं होती.

मग त्यांना डबे आठवले.

प्रत्येक संचात बारीक तुकडे चार-दोन जास्तच घातलेले असतात, हरवले तर असू द्यावेत म्हणून. घड्याळजी ते फेकायचा नाही. घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या डब्यांत भरायचा आणि झाकणावर संचाचं नाव लिहून खाली लिहायचा, 'जादा'. ताईंनी डबे एका ओळीत मांडले आणि एकेक उपडा केला. दोन वर्षांपूर्वीच्या मनोऱ्याच्या डब्यात सहा तुकडे निघाले. गेल्या वर्षीच्या गुहेच्या डब्यात एकोणीस, जादूगाराच्या जहाजाच्या डब्यात चौतीस. काळ्या ड्रॅगनचा डबा तर झाकण दाबून बसवलेला होता. त्यातून एक काळी खुंटी घरंगळत पुस्तिकेवर आली. ताईंनी ती उचलून तटाच्या डाव्या बाजूला लावली, आणि पूल टक्कन बसला.

ह्या जादा तुकड्यांचं ताईंनी काय केलं होतं माहीत आहे? कौतुक! जहाजाच्या परीक्षणात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कंपनीने या वेळी तुकडे देताना हात अगदी सैल सोडला आहे,' आणि त्याबद्दल अर्धा तारा वाढवून दिला होता. खाली वाचकांनी विचारलं होतं, आम्हाला नाही मिळाले ते? त्यावर ताईंनी उत्तर दिलं होतं, 'ज्याचं त्याचं नशीब.' काय हशा पिकला होता तेव्हा!

आता त्यांनी वर्षभराची सगळी परीक्षणं काढून वाचायला घेतली. गुहा: डावं दार नीट लागत नाही. जहाज: डावीकडची वल्ही कमी वाटतात, कंपनीची कंजूषी. ड्रॅगनचं घरटं: डावा पंख कललेला, एक तारा वजा. आणि घरट्याच्या परीक्षणाखाली 'किल्लेदार' असं टोपणनाव घेणाऱ्या एका वाचकाने लिहिलेलं होतं: 'ताई, माझा पंख सरळ आहे. तुमच्या तिन्ही संचांत दोष डावीकडेच कसा? बांधताना काही होतंय का, एकदा बघा.'

किती सरळ विचारलं होतं त्याने. पण भावावर बोट ठेवलं म्हणताच ताईंचं डोकं फिरलं होतं. 'माझ्या भावाने तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत. तुम्ही आधी डावं-उजवं शिकून या, मग बोलू.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेकडो वाचकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. किल्लेदार पुन्हा कधी काही बोलला नव्हता. घड्याळजीला ते उत्तर ताईंनी वाचून दाखवलं होतं, आणि तो इतका खूश झाला होता की हसता हसता त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप सांडला. 'धांदरट कुठला,' असं म्हणत ताईंनीच टेबल पुसलं होतं.

हॉस्पिटलच्या बोळात डॉक्टरांनी ताईंना एकट्यांनाच गाठलं होतं; भावजय तेव्हा आत त्याच्या उशाशी होती. डॉक्टर म्हणाले होते, "गाठ जुनी दिसते. डाव्या बाजूचं दिसणं वर्षभरापासून कमी होत गेलं असणार. पेशंटला स्वतःला हे कळत नाही; जे दिसत नाही, ते नाहीच असं त्याला वाटतं. घरच्यांच्या कधी कधी लक्षात येतं. वर्षभर आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती." ताईंनी हात जोडून सांगितलं होतं, "नाही हो डॉक्टर, काहीच जाणवलं नाही." आणि भावजय बाहेर आल्यावर तिला म्हणाल्या होत्या, "कुणालाच कळलं नसतं गं." त्या वेळी ते त्यांनाही खरंच वाटत होतं. मग तीन महिने दोघी त्याच एका वाक्याच्या आधारावर उभ्या होत्या.

आणि कळायचं ते सगळं इथे छापलेलं होतं. तारीखवार, ताईंच्या नावाने, ताऱ्यांसकट.

आता गप्प बसता आलं असतं. किल्ला मोडून खोक्यात भरायचा, भाऊ गेला तेव्हा लिहिणंही संपलं, असं कळवून टाकायचं. कुणी विचारायला येणार नव्हतं. ताईंनी हा विचार केला नाही असं नाही. चांगला दोन कप चहा होईपर्यंत केला. पण मग डोळ्यांसमोर आलं भावाच्या घरचं जेवणाचं टेबल. खिडकीकडे तोंड करून त्याची खुर्ची, आणि भावजयीची नेहमीची जागा, स्वयंपाकघराच्या दारालगत. त्याच्या डाव्या हाताला.

ताईंनी आधी एक काम उरकलं. जुन्या परीक्षणाखाली, त्या उत्तराच्या खाली लिहिलं: 'किल्लेदार, तुमचं बरोबर होतं. डावं-उजवं मीच शिकायला हवं होतं. मला माफ करू नका, पण एवढं वाचा.' मग डबे पिशवीत भरले आणि निघाल्या.

भावजयीने दार उघडलं. ताई आत गेल्या त्या थेट भावाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तू तुझ्या जागेवर बैस." ती गोंधळून बसली. ताईंनी खिडकीकडे बघत, मान न वळवता सगळं सांगितलं. खुंटी, डबे, अर्धा तारा, किल्लेदार, डॉक्टर. एकदा थांबल्या असत्या तर पुढे बोलवलं नसतं, म्हणून थांबल्याच नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तो तुझ्यावर रागावला नव्हता. तू त्याला दिसतच नव्हतीस."

भावजयीने एक डबा उघडला, बोटाने आतले तुकडे हलवले, पुन्हा बंद केला. झाकणावरचं अक्षर वाचलं.

"म्हणजे तुमच्या लिहिण्यात होतं हे."

"होतं."

"वर्षभर?"

"वर्षभर."

आता ही आपल्याला चालतं व्हा म्हणणार, असं ताईंना वाटलं, आणि तिने म्हणावं असंही वाटलं. भावजय उठली. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि उजवीकडची खुर्ची ओढून तिच्यावर बसली. कित्येक वर्षांत त्या खुर्चीवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशिवाय काही बसलं नव्हतं. गठ्ठा तिने मांडीवरच घेतला.

"इथे बसले असते तर?"

ताईंना खोटं बोलायचं होतं, पण आता ते जमलं नाही. "तर दिसली असतीस," त्या म्हणाल्या.

भावजयीने मान हलवली. मग समोरच्या आपल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने काढला नाही, पण तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"मी बोलायचे नाही," ती हिशेब लावल्यासारखी सावकाश म्हणाली, "आणि त्यांना दिसायचे नाही. म्हणजे ताई, शेवटचा महिनाभर ते एकटेच जेवले."