धुलाईघर

“जनसुनावणीत उभं राहून एवढंच वाचायचं, दादा. दोन मिनिटांचं काम,” युनियनच्या पुढाऱ्याने त्याच्या हातात कागद कोंबला. “बत्तीस वर्षं कोळशाच्या राखेत काढली, मला काही झालं नाही, अणुभट्टी आणाल तर आमची पोरं मरतील. बस. आणि वहिनींचा ऑक्सिजन कंपनीच्या दवाखान्यातून येतो, एवढं ध्यानात ठेव.”

पुढारी गेला. नाकात नळी घेऊन खाटेवर बसलेल्या बायकोने हात पुढे केला. तिने कागद वाचला. दोन ओळी, मग दम, पुन्हा दोन ओळी.

“खरंच आहे की हो. तुम्हाला कुठे काय झालंय? झालं ते मला.” ती हसली आणि हसता हसता खोकली. “हे वाचणार असाल तर आत्ताच सांगा. नळी काढून ठेवते.”

वीज केंद्राच्या बॉयलरखाली राखेच्या कोठ्या मोकळ्या करणं हे त्याचं काम. कंपनीने त्याला तोंडाला बांधायची पट्टी दिली होती. तिला कोण देणार? ती कधी फाटकाच्या आत गेली नव्हती. तो आला की उंबऱ्यातच त्याचे कपडे घ्यायची, झटकायची, मग धुवायची. राख केसांत, राख भुवयांत, राख श्वासात. दवाखान्याच्या डॉक्टरने कारण लिहिलं: चुलीचा धूर. तिच्या घरात चूल कधी पेटलीच नव्हती.

सुनावणीचं सभागृह खच्चून भरलं होतं. अणुभट्टी आली की कोळशाचं केंद्र बंद होणार, म्हणून लोक तापलेले. प्रकल्पाच्या इंजिनिअर बाई पडद्यावर आकडे दाखवत होत्या. कोळशाने इतके मेले, अणूने इतके.

तो उठला. कागद खिशातच राहिला.

“बाई, त्या आकड्यांत माझी बायको कुठे बसते? ती अजून जिवंत आहे.”

पुढाऱ्याने डोळे वटारले.

“आणि तुमच्या कामगारांचे कपडे कोणाची बायको धुणार?”

बाईंना वाटलं, हा अणुकचऱ्यावरून टोमणा मारतोय. “आमचा कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागेल, ते मी नाकारत नाही. पण कपडे घरी जातच नाहीत. आतच धुलाईघर असतं. माणूस अंघोळ करून, घरचे कपडे घालून बाहेर पडतो.”

धुलाईघर. चार भिंती, दोन यंत्रं, साबण. त्याला अणू लागत नव्हता की मोठं विज्ञान लागत नव्हतं. तो पुढाऱ्याकडे वळला.

“आपण मागितलं होतं ना रे? अठरा वर्षांपूर्वी, मागणीपत्रात. मीच लिहायला लावलं होतं.”

“तडजोडीत काहीतरी सोडावं लागतं, दादा. बोनस नाही का मिळवून दिला? बस खाली, लोक बघतायत.”

“बघू देत. माझ्या बायकोची फुफ्फुसं सोडलीस तू. आणि मी आज कोळशाचे गोडवे गाऊ?”

बाई लगबगीने खाली आल्या. “काका, हेच आमच्या बाजूने बोलाल का?”

“तुमच्या बाजूचा मी कधी झालो? उद्या तुम्हीही काहीतरी सोडाल.”

दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला नाही. जुन्यात दुपारपुरतं उरलेलं. पाळीच्या मधल्या सुट्टीत तो दवाखान्यात गेला.

“वरून सांगितलंय,” कंपाउंडर जमिनीकडे बघत म्हणाला.

तो तसाच मॅनेजरच्या खोलीत शिरला. सदरा काढला, पँट काढली, बूट काढून उलटे केले. काचेच्या टेबलावर, फायलींवर, चहाच्या कपात राख बसली.

“हे काय चालवलंयस?” मॅनेजर खुर्ची मागे सारत म्हणाला.

“आजपासून हे तुम्ही धुवा.”

बनियन आणि अर्ध्या चड्डीत तो पुन्हा दवाखान्यात आला. कंपाउंडरने कोठीची किल्ली पुढे केली. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तो अनवाणी चालू लागला. सडसडीत पाय, पांढरी छाती, मानेभोवती काळा पट्टा. हसायला तोंड उघडलेले कामगार तसेच थांबले.

माल बाहेर न्यायचा तर चिठ्ठी लागते, आणि कामगाराने जायचं ते बाजूच्या खिडकीएवढ्या दारातून, वाकून. पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, नोंदवही मिटली. मग पहारेकरी पलीकडे गेला, अडसर ओढला आणि फक्त साहेबांच्या गाड्यांसाठी उघडणारं मोठं फाटक त्याने दोन्ही हातांनी सताड उघडलं.