मधला डबा

चुकीचा डबा निवडला तर चष्मेवाल्यांचा फायदा मोठा होता. दर रविवारी दुपारी चार ते सहा वहिनींची बैठकीची खोली, खिडकीपाशी दादाची खुर्ची, दोन कप चहा, आणि निघताना दारातला तो प्रश्न: "भाऊजी, पुढच्या रविवारी बघाल ना हो परत?" बरोबर डबा निवडला, तर फायदा सगळा वहिनींचा. गळकी तोटी एकदाची नीट बसली की नळवाल्याला कोण बोलावतं?

चष्मेवाल्यांचा थोरला भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. दादा गाण्यांचा वेडा. शेवटच्या दोन वर्षांत त्याने घरातल्या साडेतीनशे तबकड्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि तबकड्या, त्या वाजवायचं यंत्र, सगळं विकून टाकलं. आपल्यामागे बायकोला झाडपूस नको, एवढाच हिशेब. आता गाणी कॉम्प्युटरच्या पोटात, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर समोरच्या भिंतीशी, आणि दोघांना जोडणारी, हेडफोनच्या भोकात खुपसलेली एक वायर. ते भोक म्हणजे घरातलं नाठाळ जनावर. गाणं लागलं की मागे भुणभुण, वायर हलली की खरखर.

दर रविवारी चष्मेवाले आपल्या चष्म्याच्या दुकानातला बारीक पेचकस खिशात घालून यायचे. भोक साफ करायचे, वायरीला डाग द्यायचे. भुणभुण कमी व्हायची आणि शनिवारपर्यंत परत वाढायची. ते मुद्दाम कच्चं काम करत नव्हते. पक्कं करायचा हट्टही त्यांनी कधी धरला नव्हता.

लग्न का केलं नाही, याची त्यांच्याकडे चार उत्तरं तयार असत. लोक पहिल्या दोनातच समाधान मानत, म्हणून पाचव्यावर कधी वेळ आली नाही.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवायच्या. एका रविवारी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "भाऊजी, आमचे संगीताचे सर म्हणतात, त्या भोकाचा नाद सोडा. बाहेरून एक डबा लावायचा. डॅक म्हणतात त्याला. यूएसबीतून नुसते आकडे घेतो आणि आवाज स्वतः बनवतो."

"सरांचं काय जातं सांगायला! बाजारात पन्नास डबे आहेत, वहिनी. फसाल."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. माझं दुसरं कोण आहे असलं बघायला?"

या बोलण्याच्या पूर्वार्धात, डबा आणायच्या कामात, चष्मेवाल्यांचं मरण होतं आणि उत्तरार्धात बक्षीस. माणूस बक्षिसाकडे बघतो. ते डबे आणायला गेले.

ऑडिओचा दुकानदार त्यांचंच गिऱ्हाईक, जवळचा नंबर दीडचा. त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. पहिल्याची किंमत साध्या फ्रेमइतकी. दुसऱ्याची चांगली फ्रेम आणि भारी काचा मिळून होते तेवढी. तिसऱ्याची चष्म्याच्या दुकानाच्या महिन्याच्या भाड्याएवढी.

"आठ दिवस तिन्ही न्या," दुकानदार म्हणाला. "एक ठेवा, दोन परत आणा. मात्र वहिनींना सांगून ठेवा, महागाच्या डब्यात गाणारा नवा नसतो. गाणारा तोच."

रविवारी वहिनींनी खोलीची प्रयोगशाळा केली. खुर्चीमागच्या टेबलावर डबे ठेवून वरून चादर टाकली. चष्मेवाल्यांना दादाच्या खुर्चीत बसवलं, टेबलाकडे पाठ करून. मोबाइलवर मोजून तिन्ही डब्यांचा आवाज सारखा करून घेतला.

"एवढं कशाला?" चष्मेवाले म्हणाले.

"मोठा वाजतो तो चांगला वाटतो. वर्गात नाही का, ओरडणारा पोरगा हुशार वाटतो, तसं. मान वळवायची नाही हं भाऊजी. कॉपी केली तर शून्य."

पहिल्याने गाणं लागायच्या आधीच कबुली दिली. भुणभुण होती, भोकापेक्षा कमी, पण माशी असावी तशी. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. हा घेतला तर निदान महिन्यातून दोन खेपा कुठे जात नाहीत.

"आता दुसरा," वहिनी म्हणाल्या.

मागे काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं, की चष्मेवाल्यांना वाटलं वायर निघाली. मग त्या रिकाम्या जागेत आवाज आला. धप. धप. धप. धप. गोधडीत गुंडाळल्यासारखा, एकाआड एक जड. आणि मग गाणं.

त्यांच्या हाताने खुर्चीची कड धरली. उजवा पाय जड टाकायची खोड एकाच माणसाची. भिंतीशी यंत्र होतं. सुई टेकवून दादा या खुर्चीकडे चालत यायचा. जमीन लाकडी, पावलागणिक सुई हलायची. गाणं उतरवताना ती पावलंही उतरली होती, आणि चार वर्षं भुणभुणीखाली दबून राहिली होती.

गाणं थांबलं. मागे चादर खसफसली, वायरींचा आवाज झाला, आणि तेच गाणं पुन्हा लागलं. पुन्हा चार पावलं.

"हं, बोला," वहिनी म्हणाल्या. "मघाचा बरा की आताचा?"

हा प्रश्न चष्मेवाल्यांनी जन्मभर लोकांना विचारला होता. उत्तर द्यायची पाळी पहिल्यांदाच आली, आणि ते खोटं बोलले.

"मघाच्यात भुणभुण होती. बारीक, पण होती. आताचा स्वच्छ आहे, पण हा महागाचा असणार. तुम्हाला झेपायचा नाही. घाई नको वहिनी. अजून चार दुकानं बघू, दर रविवारी दोन-दोन डबे आणतो…"

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी डबा बदललाच नव्हता. वायर काढून त्याच डब्याला परत लावली."

नंबर नसताना चष्म्याची हौस असलेल्यांना चष्मेवाले साधी काच लावून दाखवत. "वा, आता कसं लख्ख!" असं कुणी म्हटलं की मनातल्या मनात हसत. आता कान तापले होते आणि वळून बघायची छाती होत नव्हती. खोटं का बोललात, असं वहिनींनी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं, असं मात्र त्यांना वाटून गेलं.

"ऐकलीत ना पावलं?" वहिनींनी विचारलं.

"चार."

"पाच आहेत. पहिलं सुई टेकते त्या आवाजात बुडतं. हेच गाणं शाळेत नेऊन आम्ही सरांच्या डब्यावर ऐकलं. मला आधी वाटलं, वरच्या मजल्यावर मुलं नाचतायत." त्या हसल्या, आणि हसू मध्येच संपलं. "भाऊजी, एक बोलू? वाईट नका वाटून घेऊ. चार वर्षं तुम्ही किती केलंत, मला माहीत आहे. तुम्ही आलात म्हणून रविवार गेले माझे. पण मी आत्ता इथून बघत होते. ती पावलं येतात ना, ती या खुर्चीपाशी येऊन थांबतात. आणि खुर्चीत तुम्ही."

चष्मेवाल्यांनी खुर्चीच्या कडेवरचा हात काढून घेतला.

"मला ती खुर्ची रिकामी हवी आहे. जरा दिवस. एकटीने ऐकायचंय मला."

ते उठले. उठताना खुर्चीच्या पाठीवरचं कापड सरळ केलं. मग चादर दूर करून तिन्ही डबे बघितले. मध्ये ज्याला वायर लावलेली होती तो मधल्या किमतीचा होता.

"तिसरा ऐकायचा राहिला," वहिनी म्हणाल्या.

"नको. यात जे ऐकू आलं त्याच्यापुढे तिसऱ्यात काय ऐकू येणार? हाच ठेवा."

त्यांनी तो डबा अ‍ॅम्प्लिफायरशेजारी नीट बसवला. वायर पायात येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेने नेली, टाचून टाकली, ओढून बघितली. चार वर्षांत पहिल्यांदाच हाताने कसर ठेवली नाही. दहा वर्षं हलणार नाही असं काम झालं.

वहिनींनी पैशांचं पाकीट हातात दिलं. "मोजून घ्या."

"असू दे हो, मीच—"

"नाही. हा डबा माझा आहे." दारात त्या म्हणाल्या, "चहाला कधीही या, भाऊजी."

'कधीही' म्हणजे कोणता वार, हे दुकान चालवणाऱ्याला बरोबर कळतं. येतो म्हणून जाणारी गिऱ्हाइकं त्यांनी कमी पाहिली नव्हती.

पेठेतल्या ऑडिओच्या दुकानात उरलेले दोन डबे त्यांनी काउंटरवर ठेवले. दुकानदाराने पाकिटातले पैसे मोजले, पूर्ण भरले, आणि पावतीवर वहिनींचं आडनाव घातलं. ते चष्मेवाल्यांचंही होतं.

"पण कमाल आहे तुमची," दुकानदार म्हणाला. "आठ दिवस तीन डबे वागवलेत, कान लावून बसलात, जोडून दिलात. त्यात तुमचं काय गेलं असेल तेवढं तरी वहिनींकडून घ्यायचंत."

"माझं काही गेलं नाही," चष्मेवाले म्हणाले. "सगळं त्यांनीच दिलं."