स्क्रीनच्या कडेची टिकली

मंगळवारी सकाळी आठ वाजायला वीस मिनिटं असताना स्टाइनवॉग गावातल्या दुकानाखालच्या वळणावर पालिकेच्या पांढऱ्या विजेच्या गाडीने हाल्वदान मूर्कला धडक दिली. हाल्वदान ऐंशीला टेकलेला म्हातारा. पायाने रेटायच्या घसरगाडीवर पाव आणि दूध ठेवून घरी निघाला होता. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट होतं, रस्त्याच्या कडेनेच चालला होता. गाडी सोलफ्रिद चालवत होती. इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही; नोव्हेंबरात गेला तो अजून फिरकला नव्हता, पण दुकानासमोरचे दिवे लागलेले होते.

सोलफ्रिद घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी पालिकेची नर्स. खाली उतरून तिने हाल्वदानचा श्वास पाहिला, मान हलू दिली नाही, दुकानदाराला ब्लँकेट आणायला सांगितलं आणि रुग्णवाहिकेला पत्ता दिला. काहीही चुकलं नाही. गुडघे बर्फात रुतलेले असताना एवढंच तिच्या ध्यानात आलं की आपली पाठ आणि मांड्या अजून उबदार आहेत. सीट गरम झाली होती.

पोलीस आला तो तोर्गैर. त्याच्या आईची शेवटची दोन वर्षं सोलफ्रिदनेच शुश्रूषा केली होती. त्याने तिला आपल्या गाडीत बसवलं आणि नळी पुढे केली.

"फुंक."

"सकाळी सकाळी कोण पितं, तोर्गैर?"

"या गावात? नावं सांगू?"

तिने फुंकलं. आकडा शून्य आला. त्याने नळी ठेवून दिली.

"कुठे बघत होतीस?"

"स्क्रीनकडे."

"फोनच्या?"

"गाडीच्या. समोरची काच धुरकटली होती."

"मग हवेचं बटण दाबायचं."

"दाबलं."

"आणि?"

"सीट गरम झाली."

तोर्गैरने ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून लिहिलेलं पुन्हा वाचलं. "सीट," तो म्हणाला. सोलफ्रिदने मान डोलावली. लायसन्स त्याने तिथेच काढून घेतलं. रीतच तशी होती.

काच धुरकटणारच. या कामात माणूस दर थोड्या वेळाने ओल्या बुटांनी आणि बर्फ लागलेल्या कोटाने गाडीत चढतो, उतरतो, परत चढतो. जुन्या गाडीत त्यासाठी एक जाडजूड गोल बटण होतं, हातमोज्यासकट फिरवता येणारं. सोलफ्रिद ते इतकी वर्षं फिरवत आली होती की त्याचा रंग विचारला असता तर तिला सांगता आला नसता. मागच्या उन्हाळ्यात पालिकेने चार नव्या गाड्या घेतल्या. आत एक मोठी स्क्रीन, बाकी सगळं सपाट. नर्सांनी उजव्या हातमोज्यांच्या तर्जनीची टोकं कापून टाकली, पण बोटाला बघता येत नाही, आणि स्क्रीनकडे बघायचं तर रस्त्यावरची नजर काढावी लागते.

टिकलीची कल्पना सोलफ्रिदचीच. तिच्याकडच्या म्हाताऱ्यांपैकी बोर्गिल्डला जवळजवळ दिसत नाही. अशांच्या शेगडीवर, रेडिओवर, कपडे धुण्याच्या यंत्रावर नर्स रबराच्या उंचवट्याच्या नारिंगी टिकल्या चिकटवतात. बोट टिकलीला लागलं की पुढचं बरोबर सापडतं. तसलीच एक टिकली सोलफ्रिदने ऑक्टोबरात स्क्रीनच्या खालच्या डाव्या कडेला लावली. टिकलीच्या लगेच वर काचेवर हवा सोडण्याचं चित्र होतं. कडेवरून बोट फिरवायचं, टिकली लागली की एक पेर वर दाबायचं. डोळे रस्त्यावर. आठवड्याभरात चारही गाड्यांत टिकल्या लागल्या. त्यांची प्रमुख एल्डब्यर्ग हिने शुक्रवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सोलफ्रिदला शाबासकी दिली आणि स्वतः वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, करून खाऊ घातले.

सोमवारी रात्री गावातल्या तिन्ही गाड्यांनी स्वतःच अपडेट घेतलं. काचेच्या हवेचं चित्र वरच्या ओळीत गेलं आणि त्याच्या जागी चालकाची सीट गरम करायचं चित्र आलं. मंगळवारी वळणाच्या अलीकडे काच पांढरी झाली. सोलफ्रिदने टिकली चाचपली, दाबलं, वाट पाहिली. काच तशीच. पुन्हा दाबलं. पाठीला ऊब लागली तेव्हा तिने खाली पाहिलं.

संध्याकाळी योरुन आली. ती सोलफ्रिदची सहकारी, बोलायला फटकळ. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात बसली.

"खरवडल्या," ती म्हणाली.

"काय?"

"टिकल्या. आपल्या आवारातल्या दोन्ही गाड्यांतल्या. एल्डब्यर्गने सांगितलं. म्हणाली, पालिकेच्या गाडीत आपण काहीबाही चिकटवलं होतं असं वर कळलं तर सगळ्यांच्याच गळ्याशी येईल."

"वाफल खाताना गळ्याशी आलं नव्हतं."

"ते मीही म्हटलं. तर म्हणते, त्या बैठकीत टिकल्यांचा विषयच निघाला नव्हता." योरुनने कॉफीचा कप पुढे ओढला. "तू काहीतरी खा गं. दुधासारखी पांढरी पडलीयस."

सोलफ्रिदने पावावर तपकिरी चीज ठेवलं आणि खाल्लं. चव लागली नाही. पण संपवलं.

बुधवारी तोर्गैरने तिला बोलावून फोटो दाखवला. धडक दिलेली गाडी पोलिसांच्या शेडमध्ये होती. फोटोत स्क्रीन, खाली नारिंगी टिकली आणि टिकलीच्या बरोबर वर सीटचं चित्र.

"हे बघून मला काय वाटेल सांग," तोर्गैर म्हणाला. "बाईने बूड शेकायला खूण करून ठेवली होती."

"तिथे काचेचं चित्र होतं."

"कंपनी म्हणते, ही स्क्रीन अशीच आहे. एल्डब्यर्ग म्हणते, टिकल्यांबद्दल तिला काही ठाऊक नाही. आवारातल्या दोन्ही गाड्यांत एकही टिकली नाही, मी बघून आलो." त्याने फोटो बाजूला ठेवला. "सकाळी गाडी सुरू केलीस तेव्हा स्क्रीनवर काही आलं होतं?"

हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं.

"आलं होतं. अपडेट बसवलं आहे, म्हणून. खाली दोन बटणं, 'बदल पाहा' आणि 'नंतर'."

"तू काय दाबलंस?"

"नंतर."

"का?"

"बोर्गिल्डचं इन्सुलिन आठला असतं."

तोर्गैरने खुर्ची मागे सरकवली. "सोलफ्रिद, नीट ऐक. निष्काळजीपणा ठरला तर लायसन्स गेलं. लायसन्स गेलं की तुझी नोकरी गेली, या फ्योर्डच्या खाडीकाठी बसने कुणाची शुश्रूषा होत नाही. आणि हाल्वदान गेला तर गोष्ट माझ्या हातात राहणार नाही. चित्र आधी तिथे होतं हे दाखवणारं तुझ्याकडे काय आहे?"

तिने विचार केला. विचार फार हळू येत होता, गारठलेल्या बोटांनी बुटाची नाडी सोडावी तसा. "चौथी गाडी," ती म्हणाली. "यत्तरॉयला आहे, बेटावर. तिथे नेटवर्क धड लागत नाही. तिला अपडेट मिळालं नसेल. आणि टिकली खरवडायला तिकडे कोणी गेलं नसेल."

बोर्गिल्डकडे ती गुरुवारी चालत गेली. सोलफ्रिदची घरोघरची फेरी आता योरुनकडे होती, इन्सुलिन देऊन झालं होतं. सोलफ्रिद नुसतीच बसली. बोर्गिल्ड शेगडीपाशी गेली, टिकली चाचपली, खटका फिरवला, कॉफी ठेवली.

"हाल्वदान माझ्याबरोबर नाचायचा," ती म्हणाली. "पायावर पाय द्यायचा. गावात सगळ्यांत वाईट नाचायचा तो."

"हो."

"तू रडत नाहीयस."

"नाही."

"मग कॉफी पी. माझी शेगडी तरी रात्रीतून कुठे जात नाही. गेली असती तर मी कधीच जळून मेले असते, आणि तू त्यालाही स्वतःचीच चूक म्हणाली असतीस."

सोलफ्रिद कॉफी प्यायली. निघताना सवयीने शेगडीवरच्या टिकल्या दाबून पाहिल्या. एक सैल झाली होती. तिने पिशवीतून नवी काढून बसवली.

त्याच संध्याकाळी हाल्वदानची मुलगी इंगविल हिचा शहरातल्या रुग्णालयातून निरोप आला. घशातली नळी काढली होती, तो स्वतः श्वास घेत होता. फोन करू नकोस, असंही तिने लिहिलं होतं.

शुक्रवारी वाऱ्यामुळे फेरी बोट सुटली नाही. शनिवारी सुटली. तोर्गैरने योरुनलाच बेटावरची गाडी आणायला पाठवलं होतं. परतल्यावर तिने गावच्या धक्क्यावरून फोन केला.

"टिकली आहे," योरुन म्हणाली. "आणि तिच्यावर काचेचं चित्र आहे. फोटो काढलाय."

"बरं."

"बरं काय बरं? ऐक तरी. बोट धक्क्याला लागली आणि नेटवर्क आलं. आता स्क्रीनवर आलंय, अपडेट तयार आहे, आता बसवू की नंतर. तोर्गैरचा फोन लागत नाही. एल्डब्यर्गने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मी काय दाबू?"

सोलफ्रिद खिडकीपाशी उभी होती. दक्षिणेकडे डोंगराच्या कडेला जरा तांबूस दिसत होतं.

"नंतर दाब," ती म्हणाली.

"दाबलं. म्हणतंय, रात्री गाडी उभी असताना आपोआप बसवलं जाईल."

तोर्गैर सोमवारी येणार आहे. तोवर गाडी कुलूप लावून धक्क्यावर उभी आहे आणि योरुनच्या फोनमध्ये एक फोटो आहे. तेवढा पुरेल का, ते तोर्गैरलाही ठाऊक नाही. शनिवारी दुपारी इंगविलने पुन्हा लिहिलं: डोळे उघडले. अजून काही बोललेला नाही.