दुपारची बाटली

फळीवर मापाच्या रेघा असलेल्या तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीत पाव लिटर पाणी. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. चौथी नव्हती. घरात माठही नव्हता. हंसा आपलं पाणी शेजारी नवशीच्या पडवीत ठेवी आणि तिथेच, घराकडे पाठ करून, घटाघटा पिऊन येई. नोटबंदीच्या वर्षी मोतीरामच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा वापीला डायलिसिस, दिवसाला पाणी फक्त या तीन बाटल्या, आणि उरलेला वेळ नवऱ्याची नजर त्या फळीवर, हंसाची त्याच्यावर.

आज झाईहून त्याची बहीण बायजी आली होती.

“जा गं वयनी, बोंबलावर जा. माझ्या भावाला काय मी खाऊन टाकनार?”

“दुपारची बाटली गोळ्यांबरोबर दे. त्याच्यावर आनखी मागला तर देऊ नको.”

“आज माझ्या हातून नीट घेतलान ना, तर दर बुधवारी येते. मग फिर तू हिरॉईनसारखी.”

दर बुधवारी! हंसा नरपडच्या किनाऱ्यावर जवळजवळ धावतच गेली. बायका दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत टाकत होत्या. तिची बोटं काही विसरली नव्हती.

“काय गं, सुटलीस?” नवशी ओरडली. सगळ्या हसल्या, हंसाही.

पाण्याचा तांब्या फिरत आला. सगळ्यांदेखत, मान वर करून तिने तो रिकामा केला. मग आणखी एक.

उन्हं कलताना ती परतली, तेव्हा बायजी उंबऱ्यावर बसली होती.

“बाटलीला हात लावला नाय बघ. गोळ्या पन तशाच. म्हनतो, ती येऊ दे.”

मोतीराम भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटले होते. वीस वर्षं तो बोटीवर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. समुद्रात पाणी कमी पडलं की आधी खलाशी प्यायचे, तांडेल शेवटी.

“उन्हात व्हतीस,” तो म्हणाला. “पानी प्यालीस?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण आपल्या तहानेचं या घरात ती कधी बोलली नव्हती.

“नाय,” तिच्या तोंडून निसटलं.

“मग आधी तू.” त्याने बाटली पुढे केली. “नुसते ओठ लावू नको. नीट पी.”

तो तिच्या गळ्याकडे बघत होता. ती प्यायली.

“शेवटची बस चुकंल माझी,” म्हणत बायजीने पिशवी उचलली. पुढच्या बुधवारचं ती काही बोलली नाही.

हंसाने बाटली त्याच्या हातात दिली. आत अडीचशेतलं दीडशे मिलिलिटर उरलं होतं.