रांगेत शेवटी

ऐन वेळी मुलाचं पोट बिघडलं आणि सगळाच घोटाळा झाला. गुहेत उतरायची हौस त्याची, जागा राखून ठेवल्या त्याने, आणि आता स्वारी हॉटेलच्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. बाथरूमच्या दारापर्यंत जाणं, एवढाच प्रवास त्याला झेपत होता.

"तुम्ही दोघी जा ना," तो पांघरुणातून म्हणाला. "कशाला वाया घालवायचं?"

सूनबाईने सासूकडे पाहिलं आणि सासूने खिडकीकडे. दोघीच अशा त्या कुठे म्हणून गेल्या नव्हत्या. मधे नेहमी तो असायचा, इकडचं बोलणं तिकडे पोचवायला.

सासूला सगळे कंडक्टरबाई म्हणत. शहराच्या बसवर अख्खी नोकरी उभ्याने केलेली, आवाज खणखणीत, नजर अशी की फुकट्या प्रवासी आपणहून उतरून जायचा. नवरा गेल्यावर घरी एकट्याच उरल्या, म्हणून मुलाने तीन महिन्यांसाठी आपल्याकडे परदेशात बोलावून घेतलं. परवा परतीचं विमान होतं. पण मुलाने परस्पर ठरवून टाकलं होतं की आईने आता कायमचं इथेच राहायचं. संध्याकाळी तो तिकीट रद्द करणार होता.

बाई हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही. घर जसं मुलाचं तसं सुनेचं, आणि सून या विषयावर मूग गिळून बसली होती. चहा वेळेवर, गोळी वेळेवर, 'पाठ दुखतेय का आई' हेही वेळेवर. पण 'राहा' हा एक शब्द काही तिच्या तोंडून निघेना. बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, ती आपणहून राहा म्हणाली तर राहायचं, नाहीतर बॅग भरायला कितीसा वेळ लागतो! आता तिलाच का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. अहो, भरल्या गर्दीत ओरडून तिकीट विचारायला ही बाई जन्मात लाजली नाही, पण 'मी तुला हवी आहे का गं' हे विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

तर निघाल्या दोघी. गुहेच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड होती. तिथे अंगभर एकसंध डगला, गमबूट आणि दिवा लावलेलं हेल्मेट मिळालं. बाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"गॅसचा सिलिंडर पोचवायला आल्यासारखी दिसते की गं मी!"

सूनबाईही हसली, पण लगेच वाकून त्यांच्या बुटाचा पट्टा घट्ट करू लागली.

बरोबर आणखी चौघं होते. गाईड म्हणजे एक उंच, काटक पोरगी. ती तिच्या भाषेत सांगायची आणि सूनबाई बाईंना मराठीत समजवायची. "आई, एकामागे एक जायचं. प्रत्येक वळणावर थांबून मागच्याला हाक मारायची. तो 'आलो' म्हणाला की मगच पुढे सरकायचं. आणि तुम्ही हिच्या पाठोपाठ, सगळ्यात पुढे."

"छे छे! मी शेवटी."

"अहो आई, वय झालेल्या माणसाने पुढे राहायचं असतं."

"वय झालं असेल हिच्या आजीचं! सगळे आत आले की नाही हे मागच्या दाराशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सांग तिला."

सूनबाईने सांगितलं. गाईडने बाईंना दहा-बारा उठाबशा काढायला लावल्या, बाईंनी त्या तिच्याकडे रोखून बघत काढल्या, आणि पोरीने हसून मान डोलावली. वाट सोपी होती, नाहीतर ती ऐकती ना. असं करून बाई शेवटी आणि त्यांच्या पुढे सून.

आत गारवा होता. भिंती ओल्या माठासारख्या, कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज, आणि डोक्यावरच्या दिव्याचा उजेड जेमतेम पुढच्याच्या पाठीपर्यंत. बाईंना आवडलं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणाला सुटे पैसे द्यायचे नव्हते. दर वळणावर हाक यायची.

"आलात का, आई?"

"आले गं, आले!"

मग छत खाली येत गेलं. वाकून, मग रांगत, मग चक्क पोटावर सरपटत जायची जागा आली. सूनबाई त्या फटीत शिरली आणि आतल्या वळणाशी थांबली. बाई अलीकडच्या खोलगट जागेत जरा टेकल्या. दम लागला नव्हता, पण बसल्यावर बरं वाटलं.

"आलात का, आई?"

आणि बाईंना काय बुद्धी झाली कोण जाणे. त्या गप्प बसल्या. आपण ओ दिली नाही तर ही काय करते ते बघू, असं त्यांच्या मनात आलं. या वयात, जमिनीच्या पोटात, परक्या देशात हा पोरकटपणा!

"आई?"

बाई गप्पच.

"आई! अहो आई!"

तिसऱ्या हाकेला आवाज चिरकला. मग फटीतून खरवडल्याचा आवाज आला. फटीत वळायला जागा नव्हती, त्यामुळे आधी गमबुटांचे तळवे दिसले, मग चिखलाने माखलेले पाय, आणि मग उलटी सरपटत आलेली अख्खी सूनबाई. डगल्याची बाही कोपरापाशी फाटली होती आणि आतून रक्त येत होतं.

"काय झालं? पडलात का? छातीत दुखतंय?"

"नाही गं. ऐकूच नाही आलं."

सूनबाई धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिली. "मी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा उघडला तर तुम्हाला गॅलरीत ऐकू येतं, आई."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढून गाईडची हाक आली. सूनबाईने ओरडून काहीतरी उत्तर दिलं आणि या खेपेला बाईंना आधी फटीत घातलं.

फटीपलीकडे एक मोठं दालन होतं. सगळे गोल करून बसले. गाईड म्हणाली, आता सगळ्यांनी दिवे मालवायचे आणि थोडा वेळ अगदी गप्प राहायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. एकेक दिवा विझला आणि असा अंधार झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना.

"तुम्हाला ऐकू आलं होतं," सूनबाई अगदी कानाशी म्हणाली. "मी परत येते का ते बघायचं होतं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. त्या अंधारात खोटं बोलणं त्यांच्याच्याने होईना.

"मग मीही खरं सांगते. तोंड दिसत असताना मला जमायचं नाही. आई, तुम्ही इथे राहू नका."

कुणीतरी "श्शू" केलं. सूनबाई थांबली नाही, आवाज मात्र आणखी खाली आला.

"तुम्ही वाईट असतात तर कधीच बोलले असते. पण कामावरून आले की मला घटकाभर कुणीच नको असतं. तुम्ही दारातच उभ्या असता, चहा टाकून. म्हणून मी खाली गाडीतच बसून राहते. आणि वर आले की म्हणते, रहदारी होती."

"रोज?"

"रोज."

तीन महिने बाई रहदारीला शिव्या घालत होत्या.

"काय करतेस गाडीत?"

"काही नाही. नुसती बसते."

बाईंना डेपो आठवला. शेवटची फेरी झाली की त्याही रिकाम्या बसच्या मागच्या बाकावर बसून राहायच्या. हिशेब जुळत नव्हता, असं घरी सांगायच्या. घरी त्यांची सासू जेवायची थांबलेली असायची, आणि तीही काही वाईट नव्हती. त्यांनी चाचपडत सुनेचा हात शोधला. तो गार होता. दिवे लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. फार वाईट वाटत होतं त्यांना, आणि तरीही गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच या मुलीशी आपलं बोलणं झालं, असंही वाटत होतं.

हॉटेलवर पोचल्या तेव्हा मुलगा उशीला टेकून भाताची पेज पीत होता. चेहऱ्यावर थोडी रया आली होती.

"काय, मजा आली की नाही? आई, मी तिकीट रद्द करतोय हं आता."

"नको रे," बाई म्हणाल्या. येताना गाडीत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. "मला घराची ओढ लागलीय. शेजारीण सारखी फोन करते, आणि घर किती दिवस बंद ठेवायचं..."

"खोटं नका बोलू, आई," सूनबाई दारातूनच म्हणाली. "मी जा म्हटलंय त्यांना."

मुलाने चमचा खाली ठेवला. "तू आईला जा म्हणालीस?"

"म्हणाली," बाईंनी मधेच आवाज चढवला, डेपोतला. "आणि त्याच्या आधी मी सापडेना म्हणून कोपर फोडून घेत उलटी सरपटत आली. एकाच बाईने दोन्ही केलंय. तुझ्या डोक्यात मावत नसेल तर पेज पी गपचूप."

सूनबाई पलंगाच्या कडेला बसली. बाईंनी तिची बाही वर केली आणि ओल्या टॉवेलने जखमेवरची माती टिपायला घेतली.

"म्हणजे तू आता परत यायची नाहीस?" मुलाने विचारलं. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"येईन की. पण तू बोलावलंस तर नाही यायची," बाई जखमेवरची नजर न काढता म्हणाल्या. "हिने बोलावलं तर येईन."

सूनबाई रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "बोलावेन, आई. मी बोलावेन."

"हात हलवू नकोस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेलची दुसरी बाजू घेतली.