माझा पट्टा आणि आजोबांचे हात

"याला घडी घालायची नाही हं. मुडपायचा नाही, पिळायचा नाही. चादर नाही ही!"

वेल्डिंगवाल्या मावशींनी माझ्यादेखत हे बजावले, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. जो पट्टा मला आणि माझ्यावर बसणाऱ्या दोघींना चढावर ओढणार, तो एका घडीने काय मोडणार? मी ते बोलणे या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. सायकलला कान नसतात, हे खरे. पण सोडून द्यायला कान लागतातच असे नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे माझा सांगाडा जुना, अस्सल पोलादी. बाकी मी नवी आहे आणि माझ्यासारखी दुसरी कोणी नाही. माझी मालकीण माझ्यावरून कॉलेजला जायची. पुढे तिचे लग्न झाले, मुलगी झाली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी थांबणे तिला माहीतच नव्हते. तिचे पाळणाघर मोठ्या चढावर होते आणि आईचे ऑफिस त्याच्याही पुढे.

"सरळ स्कूटर घेऊ या," भिंगरीचे बाबा म्हणाले.

"मला सायकलच हवी. पण साखळीची नको. हिचे पाय बघतोस ना? साखळीत गेला म्हणजे?"

रात्ररात्र तिच्या डोळ्यांपुढे म्हणे ते एवढेसे पाऊलच यायचे. मग तिने जाड पुठ्ठ्यावर माझे चित्र काढले. साखळीऐवजी दातांचा काळा पट्टा. मागे बाळाची खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी पाय झाकणारे आडोसे. पुढच्या चाकात छोटी मोटर. "लागली तर लागली. नाही लागली तर माझे पाय आहेतच," ती म्हणाली.

मावशींनी चित्र उभे-आडवे फिरवून पाहिले. "साखळी सोडता येते. पट्टा म्हणजे अखंड कडं, त्याला जोड नसतो. तो आत घालायचा तर सायकलच उघडावी लागणार."

"उघडावी म्हणजे?"

"कापावी लागणार."

भिंगरीने माझी सीट घट्ट धरली. "तिला दुखेल!"

"तुझे केस कापताना दुखतं का? तसंच."

मावशींनी माझा मागचा एक दांडा कापला आणि तिथे बोल्टचा जोड बसवला. मला दुखले नाही. उलट पट्टा आत सरकला तेव्हा नवा दागिना घातल्यासारखे वाटले. मालकीण मात्र प्रत्येक माप पुन्हा पुन्हा घ्यायला लावत होती. तिच्या नवऱ्याला राहवेना. "विमान बनवताय का मावशी?"

"विमानाची गिऱ्हाइकं इतकी कटकट नाही करत, दादा!"

आणि मग मी धावले! ना करकर, ना तेल, ना पँटच्या काठावर काळा डाग. बॅटरी तर काढून डब्यासारखी हातातून नेता येई. ऑफिसचा पहारेकरी कौतुकाने म्हणायचा, "ही येते ते कळतच नाही!"

रोज सकाळी भिंगरीचे आजोबा माझे हँडल धरून उभे राहत. मुलीला खुर्चीत नीट अडकवून होईपर्यंत ते मला हलू देत नसत. त्यांचे सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले होते. समोर दिसेल त्याची घडी घालायची, हा त्यांच्या हातांचा धर्मच होता. वर्तमानपत्र, पिशव्या, भिंगरीचे झबले, सगळे कसे काठाला काठ लावून.

जादा आणलेला एक पट्टा कपाटात खिळ्याला टांगलेला होता. आवराआवर करताना आजोबांना तो दिसला. त्यांनी त्याच्या सुबक घड्या घातल्या, वर दोरा बांधला आणि तो खणात ठेवला. माझा पहिला पट्टा झिजला, तेव्हा सुनेला सोपे जावे म्हणून त्यांनीच त्याचा दोरा सोडून, तो सरळ करून पुन्हा टांगला. वरून एक ओरखडा नव्हता. तिने तो मला चढवला. मावशींची ताकीद आजोबांच्या कानावर कधी गेलीच नव्हती.

त्या सकाळी मालकिणीने मोटर बंद ठेवली होती. चढाच्या मध्यावर 'फट्' आवाज झाला. मालकिणीचा पाय रिकामा खाली गेला आणि मी मागे घरंगळू लागले. मागून ट्रक येत होता.

"आई, आपण उलटे का चाललोय?"

तिने दोन्ही ब्रेक आवळले, पाय टेकवला, मला कडेला घेतले आणि आधी भिंगरीला उतरवले. ब्रेकवरची तिची पकड सुटली नव्हती. मग तिने मोटरचे हळू चालण्याचे बटण दाबले. माझे पुढचे चाक मला ओढत वर घेऊन गेले आणि त्या दोघी शेजारून चालत आल्या.

घरी वादळ झाले. "भंगारात काढ ती!" नवरा ओरडला.

"का? ब्रेक लागले, मोटर चालली. माझी सायकल पास झाली. नापास पट्टा झालाय."

मावशींनी तुटलेला पट्टा वाकवून पाहिला. "आतले धागे मोडलेत. घडी कोणी घातली?"

"मी," आजोबा म्हणाले. बस, एवढेच.

कोणी त्यांना बोल लावला नाही. नवा पट्टा आला, मी पुन्हा धावू लागले. पण त्या दिवसापासून आजोबांनी कशाला हात लावला नाही. वर्तमानपत्र पसरलेलेच राही. भिंगरी झबले घेऊन गेली तर म्हणत, "आईला सांग, बाळ." सकाळी ते दाराशीही येईनात. मला कलती धरून मालकीण एकटीच मुलीला बसवू लागली. आणि ती सारे पाहत होती.

एके दिवशी तिने मला भिंतीला टेकवले आणि आत गेली. दार उघडेच होते.

"बाबा, धरायला या ना."

"नको गं. माझ्या हातून पुन्हा काही व्हायचं. पोर होती मागे."

"म्हणूनच सांगतेय. घाबरले मी, अजून घाबरते. पट्टा कुठे मुडपलाय का ते रोज बघते, पण मला कळत नाही. ओढला गेलेला धागा तुम्ही बोटांनी ओळखायचात."

"ते कापड होतं."

"मग हे शिकून घ्या."

"मी शिकवते!" भिंगरीने बाहेरून आरोळी ठोकली.

आजोबा आले. मग वाकले आणि एक बोट माझ्या पट्ट्यावरून सावकाश फिरवू लागले. सुनेने पेडल हळूहळू फिरवले. पट्ट्याचा पूर्ण फेरा झाल्यावर ते खास दुकानदारी सुरात म्हणाले, "माल चांगला आहे. न्या."

त्या दिवशी मी चढावर जी धावले, ती काय सांगू!

मित्रांनो, मला जपा, हे मी वेगळे सांगत नाही. माझी हवा गेली तर मी खाली बसते, दात झिजले तर ते दिसतात. माणसांचे तसे नसते. कालपर्यंत सगळ्यात मध्ये मध्ये करणारे तुमच्या घरातले कोणी हल्ली "नको, तुम्हीच करा" म्हणू लागले आहे का? असेल, तर हे वाचणे इथेच थांबवा आणि त्यांच्या खोलीत जाऊन या. रिकाम्या हाताने जाऊ नका. एखादे काम घेऊन जा.