अर्धा इंच खोटं बोलणारी टेप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. साठ इंच लांब, एका अंगानं पिवळी, दुसऱ्या अंगानं पांढरी, दोन्ही टोकांना पितळेचा पत्रा. एक ते चार हे आकडे अंगठ्यानं पुसून गेलेत. आणि आधीच सांगून टाकते, माझ्या बोलण्यात अर्धा इंच इकडंतिकडं धरायचा. त्याचं कारण पुढं येईलच.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. पहिलं आठवतं ते इमामबींच्या गळ्याची ऊब. भोरच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर मी त्यांच्या गळ्यात लोंबकळायची. इस्त्रीची वाफ, खडूचा वास, मशीनची घरघर. त्या सगळ्यात माझा डोळा लागायचा. स्वप्नातही मला दंड, मनगटं आणि गळेच दिसायचे. मी कमरेला वेढा घातला की माणसं हळूच पोट आत ओढतात. टेपला फसवता येतं असं त्यांना का वाटतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

एका जूनमध्ये हिर्डोशीची रत्ना आपल्या लेकीला शाळेच्या ड्रेसचं माप द्यायला घेऊन आली. शेफाली तेव्हा बारा वर्षांची होती. इमामबींनी खांद्यापासून कमरेपर्यंत मला धरलं, आधी डावीकडं, मग उजवीकडं. पुन्हा धरलं. मग मला उलटं करून पांढऱ्या बाजूनं मोजलं, जणू ती बाजू काही वेगळं सांगणार होती. त्यांनी शेफालीला समोरच्या दुकानात बटणं आणायला धाडलं आणि आवाज खाली आणला.

"रत्ना, पोरीची पाठ सरळ न्हाई. पुन्याला दाखवा."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला नंतर कळलं. तिचा कणा वाढत्या वयात एका बाजूला वळला होता, आणि त्याच्याबरोबर फासळ्याही फिरून उजव्या पाठीवर उंचवटा आला होता. यात कुणाची चूक नव्हती. वेळेवर लक्षात आलं म्हणून कण्याला आधार देणारा पट्टा लावता आला, असंही ते म्हणाले. हे ऐकून इमामबींनी मला दोन दिवस उगाचच बोटांनी गोंजारलं. मलाही फार अभिमान वाटला. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

शेफाली चार वर्षं पट्टा घालत होती. आणि मित्रांनो, त्या चार वर्षांत इमामबींनी एक गोष्ट चोरून केली. शेफालीच्या प्रत्येक कपड्यात डाव्या खांद्याखाली कापसाची पातळ गादी घातली. उजवीकडचा पाठीचा भाग रुंद कापला, वर दोन चुण्या टाकल्या. आरशात दोन्ही खांदे अगदी सारखे दिसायचे. रत्नाला हे माहीत होतं. शेफालीला नव्हतं.

दरम्यान माझे दिवस भरले. सावळाराम मास्तरांची पँट कमरेत घट्ट झाली. "मी जाड झालो न्हाई, तुमची टेप सैल झालीय," ते म्हणाले. सगळे हसले, पण इमामबींनी मला लोखंडी पट्टीवर ताणून पाहिलं, तर खरंच मी अर्धा इंच लांबले होते. दुसऱ्या दिवशी नवी हिरवी टेप आली. माझा उपयोग उरला तो चिंध्यांचं गाठोडं बांधायला. मला राग आला नाही, पण कुणी एकदा तरी विचारायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

मग शेफाली अकरावीला गेली. वाढ थांबली म्हणून पट्टा सुटला होता, कण्याला आता धोका नव्हता. कॉलेजचा टी-शर्ट मात्र तयार मिळाला. तो इमामबींनी शिवलेला नव्हता. त्यात तिची पाठ जशी होती तशी दिसली.

आठवड्यानं तिघंही पुण्याहून परत येताना दुकानात आले. शेफाली, रत्ना आणि टेम्पो चालवणारे तिचे वडील हनुमंत. डॉक्टरीणबाईंनी एक ऑपरेशन सुचवलं होतं. पाठीकडच्या काही फासळ्यांचे छोटे तुकडे काढले की उंचवटा बसतो. मात्र दुखतं, श्वास काही महिने कमी पडतो. बहुतेकांचा परत येतो, एखाद्याचा थोडा कमीच राहतो. नाही केलं तरी जिवाला काही होत नाही.

"करायचं," हनुमंत म्हणाले. "बाई म्हनल्या, 'तुम्ही ठरवा.' म्या ठरवलं. उद्या लग्नाच्या वक्ताला कुनी नाव ठेवाया नको."

"मलाबी 'तुम्ही ठरवा'च म्हनल्या," रत्ना म्हणाली. "आन म्या ठरवलं, न्हाई करायचं. डोंगरात ऱ्हायचंय तिला, दम नको व्हय? भाबी, तुमी आजवर कापडात जिरवलं तसंच जिरवा की. मंग कापाकापी कशाला?"



"काय जिरवलं?" शेफालीनं विचारलं.

इमामबींचं तोंड उतरलं. त्यांनी मशीनवरून पाय काढला आणि सगळं सांगितलं. कापूस, चुण्या, सगळं.

"तुजं मन मोडू न्हाई म्हनून गं, पोरी."

"चाची, चार वर्सं मला वाटत हुतं, पाठ बरी व्हत चाललीय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती आईबापांकडं वळली. "आन बाई 'तुम्ही' म्हनल्या त्या तुमाला न्हाई. माज्याकडं बघून म्हनल्या. मला आजवर कुनी 'तुम्ही' म्हनलंच न्हाई, म्हनून तुमाला दोगास्नी वाटलं, आपल्यालाच म्हनल्या."

हनुमंतांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माजं माप घ्या," शेफाली म्हणाली. "मोठ्यानं सांगा. आन पयल्यांदा ज्या टेपनं घेतलं हुतं, तीच घ्या."

इमामबींनी माझी गाठ सोडली. "ही ताणलीय गं. अर्धा इंच खोटं बोलती."

"फरक तर खरा सांगंल ना?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या पितळी टोकापासून टोकापर्यंत शहारा गेला. खरंच की! लांबी चुकत असेल माझी, फरक चुकत नाही.

"डावीकडं साडेचौदा," इमामबींनी मोठ्यानं सांगितलं. "उजवीकडं पावनेसोळा." मग मला छातीभोवती वेढलं. "सोड श्वास. तीस. आता भरून घे... सव्वाबत्तीस." सव्वादोन इंच श्वास होता तिच्याकडं. ते कुणी आजवर मोजलंच नव्हतं.

"मला चार दिस द्या," शेफाली म्हणाली आणि मला दप्तरात घालून हिर्डोशीला घेऊन गेली.

ते चार दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. घरामागच्या टेकाडावर एक सपाट कातळ आहे. खाली भातखाचरं, त्यापलीकडं धरणाचं पाणी, पाण्यात उलटे डोंगर. त्या भागात मोबाईलला रेंज नाही, म्हणून ती कातळावर उभी राहून आईला हाळी द्यायची, लांब ओढून मारलेली हाक. "आयेऽऽऽ!" मी तिच्या छातीभोवती होते. फासळ्या फुलायच्या, मी बोटांतून सरकायची, हाक खाचरावरून पलीकडं जायची आणि डोंगर ती परत पाठवायचे. त्या वेढ्यात मला वाटायचं, हा श्वास कुणी कमी करू नये.

मग ती कातळावर उताणी पडायची. पण उंचवट्यामुळं पाठ टेकायचीच नाही. अंग आपोआप डावीकडं कलंडायचं. ती पुन्हा सरळ व्हायची, पुन्हा कलंडायची. घारी डोक्यावर फिरत असायच्या आणि तिला त्या एका कुशीवरूनच बघाव्या लागायच्या.

चौथ्या दिवशी हाळी ऐकून रत्ना वर आली. शेफाली पडल्या पडल्याच म्हणाली, "आये, परीक्षा झाली की ऑपरेशन करू. लग्नासाठी न्हाई. मला पाठ टेकवून आभाळ बघायचंय."

रत्ना शेजारी बसली.

"आन दम ग्येला तर? हाळी कोन देनार?"

"तवर तू दे. मी ओ देईन."

मे महिन्यात ऑपरेशन झालं. ते सोपं नव्हतं, मी खोटं सांगणार नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा मोजलं तेव्हा श्वास पाऊण इंच भरला, आणि तेवढ्यानंही ती कळवळली. हनुमंतांनी मला खिळ्याला टांगलं. दर रविवारी ते स्वतः माप घेतात, मोठ्यानं सांगतात आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहितात. एक. सव्वा. दीड. दोन महिने दीडवरच अडकलं, तेव्हा ती रडलीही. आता पावणेदोन आहे. अजून अर्धा इंच बाकी आहे. तो येईल की नाही, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

मित्रांनो, घरातल्या टेपला फार ताणू नका, गरम इस्त्रीखाली घालू नका, एवढं तर मी मागणारच. पण कुणाचं माप घ्याल तेव्हा ते त्या माणसाच्या पाठीमागं कुजबुजू नका. मोठ्यानं सांगा, आणि काय करायचं ते त्यालाच विचारा.

परवा शेफाली मला खिशात घालून कातळावर गेली. उताणी पडली. पाठ टेकली. दोन घारी सरळ वर फिरत होत्या, त्या तिनं पोटभर पाहिल्या. मग उठून उभी राहिली आणि कितीतरी महिन्यांनी स्वतःच हाळी दिली. "आये" एवढंच निघालं आणि मध्येच तुटलं. डोंगरांपर्यंत ते काही पोचलं नाही. पण खाली नाचणीच्या वाफ्यात रत्ना ताठ उभी राहिली, कपाळावर हात धरून वर बघितलं, आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी ओ दिली.

"ओऽऽऽ! बोला, शेफाली, बोलाऽऽऽ!"